सहरच्या रक्तातलं शिसं

खमीस मुशैत
१४ ऑक्टोबर २०२४

जुबेदा, सलाम.

हाताने लिहितोय, कारण फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस. यूनुस परवा सुट्टीवर गावी निघालाय. त्याच्या बॅगेत हे पत्र आहे, सहरसाठी खजूर आहेत आणि तुझ्या आईसाठी काहीही नाही.

तुझी अट शारीकने मला फोनवर वाचून दाखवली. जैतूनखालाच्या सुरम्यामुळे सहर आजारी पडली नाही, असं मी मोहल्ल्याच्या जमातीला माझ्या सहीने लिहून द्यायचं, तरच तू मुलीला घेऊन परत येणार. तुझा सख्खा भाऊ, पण वाचताना अडखळत होता बिचारा. माझं उत्तर एका शब्दाचं आहे, नाही. तुझी आई माझीही सख्खी खाला आहे, माझी आई गेल्यावर दोन वर्षं मी तिच्या ताटात जेवलोय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून खोटं लिहून देऊ काय?

काय झालं ते तू विसरली असशील तर आठवण करून देतो. ऑगस्टमध्ये सहर बोलायची थांबली. साडेतीन वर्षांची पोर, दिवसभर टकळी चालू असायची, ती पोट धरून कोपऱ्यात बसायला लागली. जेवण नाही, हसणं नाही. रक्त तपासलं तर शिसं अडतीस. पाचच्या आत हवं, असं डॉक्टर म्हणाला. आणि पहिला प्रश्न त्याने काय विचारला? मुलीच्या डोळ्यांत सुरमा घालता का? हा प्रश्न मी काढलेला नाही, जुबेदा, त्याने काढला. तू मान खाली घालून हो म्हणालीस. दर शुक्रवारी, नानीने गावाहून पाठवलेला.

आता मी त्याच संध्याकाळी खालाला फोन केला, ती कुणाच्या तरी बाळाच्या छठीला बसली होती, फोन स्पीकरवर होता आणि वीस-पंचवीस बायकांनी ऐकलं, यात माझा काय दोष? मला काय दिसत होतं तिकडे कोण बसलंय ते? पोर हातातून जात असताना माणूस आवाज खाली ठेवून बोलतो काय? ‘खाला, तू माझ्या मुलीला विष घातलंस,’ असं मी म्हणालो. हो, म्हणालो.

आणि तू उलट माझ्याकडे बोट दाखवतेस. ‘शिशाचं काम कोण करतं आपल्या घरात?’ असं तू दवाखान्याच्या पायऱ्यांवर ओरडलीस. बारा वर्षं मी नेमबाजी क्लबची काडतुसं भरतोय. नेमबाजीच्या बांधात रुतलेल्या गोळ्या चाळून काढतो, शिसं वितळवतो, साच्यात ओततो, पिस्तुलाच्या गोळ्या पाडतो. भट्टी उघड्यावर, पंखा पाठीमागून, तोंडावर मास्क, हातात कातडी हातमोजे. वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंब येऊ देत नाही, कारण एक थेंब पडला की शिसं उसळून तोंडावर येतं. काडतूस भरताना टेबलावर एकच बारूद, दुसरा डबा कपाटात कुलपात. फोन बाहेर. बारूद घातल्यावर काडतुसाच्या प्रत्येक पितळी पुंगळीत टॉर्च मारून बघतो आणि मगच वर गोळी बसवतो, कारण एकीत चुकून दोनदा पडलं तर पिस्तूल नेमबाजाच्या हातात फुटतं. बारा वर्षांत माझं एक काडतूस वाईट निघालेलं नाही. अशा माणसाला तू निष्काळजी म्हणतेस?

आणि ते दुसरं, मी डॉक्टरला माझं काम ‘स्टोअरकीपर’ सांगितलं म्हणून. राहायच्या परवान्यावर, इकाम्यावर, तेच लिहिलंय. इथे सौदीत दवाखान्यात विचारलं की माणूस इकाम्यावरचं सांगतो. सगळेच सांगतात. तुझा शारीक इथे असताना इकाम्यावर गवंडी होता आणि दुकानात अत्तर विकायचा, तेव्हा तुला हसू येत होतं.

तुमचा एक्झिट री-एंट्री व्हिसा मी सरकारी अबशेर अ‍ॅपवर मार्चअखेरपर्यंत वाढवलाय. रुसवा काढायला पाच महिने पुष्कळ झाले.

जमाल


खमीस मुशैत
२९ नोव्हेंबर २०२४

जुबेदा,

शारीकच्या फोनवरून दोन कागदांचे फोटो आले. सोबत एक शब्द नाही. वकिलाची नोटीस तरी ‘महोदय’ म्हणून सुरू होते.

पहिला कागद बघून मी आभाराची दोन रकात नफल नमाज पढलो. सव्वीस. दापोलीला रक्त दिलं तेव्हा ती रडली का? सुई बघितली की माझ्या काखेत तोंड घालायची. आता कुणाच्या काखेत घालते, ते तू लिहिणार नाहीस. बोलते का पुन्हा? एवढं तरी कळव. सुरम्यावरून भांडण आहे, पोरीच्या बोलण्यावरून नाही.

आकडा उतरला यावरून तू काय सिद्ध करू बघतेस ते मला कळतं. नानीच्याच घरात राहून उतरला, म्हणजे नानी निर्दोष. एवढं सोपं नसतं ते. इथल्या दवाखान्याने औषध दिलं होतं, त्याचा गुण. आणि मी एवढा तमाशा केल्यावर खालाने सुरम्याची डबी पुन्हा उघडली असेल काय?

दुसरा कागद मुंबईच्या लॅबचा. सुरम्यात शिसं नाही. तुझी आई बाजारातला दगड कुटत नाही, बदाम जाळून काजळी धरते आणि त्यात कापूर घालते, हे तू मला सांगावंस? लहानपणी बदाम मी फोडून दिलेत तिला. जळलेला एखादा बदाम खायला मिळायचा म्हणून त्या चुलीपासून हलायचो नाही. पण तू लॅबला कुठली डबी पाठवलीस? नवीन केलेली? इथे होती ती तर तू रागाच्या भरात कचऱ्यात फेकलीस. मग तपासलं काय आणि कुणाचं?

कागदाच्या मागे तू पेन्सिलीने एक ओळ लिहिलीयस, ती फोटोत उलटी दिसते. आरसा धरून वाचली. ‘होशमधलं ते घरघरणारं भांडं अजून आहे का?’

नाही. सप्टेंबरमध्येच क्लबला परत नेलं. तुमचं विमान गेलं त्याच आठवड्यात. आवाज फार करायचं म्हणून. तुझ्या प्रश्नाचा आणि सहरच्या आजाराचा संबंध मला कळला नाही, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

इथे थंडी पडलीय. सकाळी धुकं एवढं असतं की समोरची मशीद दिसत नाही, नुसती अजान येते. होशचं अंगण मी धुऊन काढलं. दोनदा. बाईमाणूस नसलं की घराकडे बघावं लागतं.

जमाल


खमीस मुशैत
७ फेब्रुवारी २०२५

जुबेदा, सलाम.

सतरा. अल्हम्दुलिल्लाह. औषध कधीच संपलं, हे तू लिहायच्या आधी मीच लिहितो. मी मूर्ख नाही, कधी कधी सोंग घेतो एवढंच.

यूनुस सुट्टीवरून परत आला. मी विचारलं, खाला कशी आहे? तो नजर चुकवत चहात साखर ढवळत राहिला, साखर विरघळून गेली तरी. मग म्हणाला, ‘जमालभाई, तिला आता कोणी बोलवीत नाय.’ बाळंतिणीला शेकायला नाही, छठीला नाही, पोराच्या डोळ्यांत पहिला सुरमा घालायला नाही. चाळीस वर्षं त्या किनाऱ्यावरच्या निम्म्या पोरांनी डोळे उघडले ते तिच्या सुरम्याने, आणि आता तिची सावली पडली तर बाया बाळ पदराखाली घेतात. मदरशातली पोरं तिला ‘विषवाली नानी’ म्हणतात. यूनुस म्हणाला, ती दुपारी दार लावून बसते.

तू हे मला कधी लिहिलं नाहीस. मला दुसऱ्याच्या तोंडून कळावं, असंच तुझ्या मनात असणार.

बरं, तुला त्या भांड्याचं हवंय ना? घे. तो टंबलर होता. काडतुसाच्या वापरलेल्या पुंगळ्या आतून धुरकट झालेल्या असतात. त्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुश्यात घालून तासन्‌तास फिरवल्या की सोन्यासारख्या निघतात आणि पुन्हा भरता येतात. क्लबमध्ये तो फहादच्या ऑफिसला लागून होता. फहाद मॅनेजर, त्याचं डोकं दुखायचं. जूनमध्ये स्पर्धेसाठी हजारोंनी पुंगळ्या साफ करायच्या होत्या. तो म्हणाला, ‘यल्ला जमाल, हा आवाज माझ्यापासून लांब ने, कुठेही ने.’ मी घरी आणला. क्लबचा माल घरी न्यायचा नसतो, मग पुंगळ्या रिकाम्या का असेनात. पकडलो असतो तर नोकरी गेली असती आणि थेट विमानात बसवला असता. म्हणून तुला ‘मिक्सर दुरुस्तीला आलाय’ असं सांगितलं. तू विश्वास ठेवला नाहीस, पण गप्प राहिलीस. नवऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, असं तुला घरात शिकवलेलं. त्या एका गोष्टीत तरी खालाचं चुकलंच.

दीड महिना चालवला तो. तोसुद्धा होशमध्ये, चार भिंतींच्या उघड्या अंगणात, घराबाहेर. बारूद नाही, ठिणगी देणारा प्रायमर नाही, वितळलेलं शिसं नाही. जे धोक्याचं ते मी कधीच घरी आणलं नाही. नुसती रिकामी पितळ आणि भुसा.

हे तुला खासगीत सांगतोय. जमातीचा विषय काढू नकोस.

जमाल


खमीस मुशैत
४ एप्रिल २०२५

जुबेदा,

ईद झाली. क्लबच्या पोरांबरोबर नमाजला गेलो, परत येऊन शेवया केल्या, गिळवल्या नाहीत. तुमचा री-एंट्री जूनच्या तीस तारखेपर्यंत वाढवलाय. यापुढे वाढवणार नाही. तीस जून उलटला तर तुमचा व्हिसा संपला, मग तुझ्या मनात आलं तरी येता येणार नाही. मलाही माणसासारखं जगायचंय. रोज संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढायचा कंटाळा आलाय.

मी एक पाऊल पुढे टाकलं, तेही तुला मान्य नाही. शारीकला म्हटलं, मी खालाची फोनवर माफी मागतो. तिची एकटीची. काय बोललो ते चुकलं, रागात बोललो, असं म्हणतो. तू निरोप पाठवलास, ‘सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर परत घ्या.’ वाक्य छान आहे. पण त्याचा अर्थ समजून घे. जमातीसमोर कागद वाचला गेला की लोक विचारणार, सुरमा नाही तर मग काय? आपल्या गावातली निम्मी माणसं इकडे आहेत, कुणी यान्बूला, कुणी राबिघला, चारजण इथेच. शुक्रवारी तिकडे वाचलेलं शनिवारी फहादच्या कानावर येईल. मग ना नोकरी, ना तुम्हाला बोलवायला घर. एका म्हातारीच्या नावासाठी आपण तिघांनी बुडायचं काय?

हे लिहिताना मलाच ऐकायला बरं वाटत नाहीये. पण खरं आहे ते लिहिलं.

आणि ईदच्या दिवशी शारीकने फोन खालाच्या हातात दिला, तुला न विचारता. मी तयारी केली होती. कागदावर लिहून ठेवलं होतं काय बोलायचं ते. ती ओरडेल, रडेल, शाप देईल, सगळ्याची उत्तरं होती माझ्याकडे. ती म्हणाली, ‘जमाल, जेवलास काय?’

मी हो म्हणालो. ती म्हणाली, ‘बरा.’ आणि फोन शारीकला दिला.

मला एवढा संताप आला की काय सांगू. यापेक्षा शिव्या घालायला हव्या होत्या. माणसाला भांडूही देत नाही ही बाई.

जमाल


खमीस मुशैत
२३ मे २०२५

जुबेदा,

आता बोल.

पुन्हा सतरा. तीन महिन्यांत एका आकड्याने उतरलं नाही. तुझ्या दापोलीच्या डॉक्टरने काय लिहिलंय ते फोटोत स्पष्ट वाचता येतं, ‘घरात शिशाचा स्रोत अजून असावा, शोधावा.’ कुणाच्या घरात? माझ्या? मी तर तीन हजार किलोमीटरवर बसलोय. माझ्या होशमधून उडून आलं काय?

घर तुझ्या आईचं, भांडी तुझ्या आईची, हळद तुझ्या आईची, सुरमा तुझ्या आईचा. मी तो कागद चुलत्याला पाठवला आणि फूफूलाही. त्यांनी पुढे कुणाला पाठवला असेल तर मी जबाबदार नाही.

शारीक सांगत होता, खालाने कल्हईची सगळी भांडी विकून टाकली, हळदीचा डबा समुद्रात ओतला, बदाम भाजायची तांब्याची वाटी लोहाराकडे फोडून घेतली, आणि आता सहरला हातही लावत नाही, दुरून बघते. तिचं तिलाच समजलं असेल.

व्हिसाला अडतीस दिवस आहेत. तिकिटं मी काढतो. मुलीला त्या घरातून उचल आणि ये.

जमाल


खमीस मुशैत
१३ जून २०२५

जुबेदा,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. नको, फाडू नकोस, ठेव. मी काय माणूस आहे हे सहरला कधीतरी कळायला हवं.

बकरी ईदच्या सुट्टीत रूपेश आला होता, चिपळूणचा, राबिघच्या रिफायनरीत सेफ्टीला आहे तो. मागच्या वर्षी तू त्याला बिर्याणी खाऊ घातली होतीस, होशमध्ये टंबलर फिरत होता तेव्हा. त्याने विचारलं, वहिनी आणि मुलगी कुठे? मी खालाची सगळी गोष्ट त्याला सांगितली. आता ती मला पाठ झालीय, कुठे आवाज चढवायचा तेही ठरलेलं आहे. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘जमालभाई, पुंगळ्या साफ करून झाल्यावर तो भुसा कुठे चाळायचास?’

बस, एवढंच विचारलं. मी उठून पाणी आणायला गेलो.

पुंगळीच्या बुडातला प्रायमर फुटतो तेव्हा त्यातलं शिसं पुंगळीच्या आत काजळीसारखं बसतं. टंबलरमध्ये ते सगळं भुश्यात उतरतं. चाळलं की पिठीसारखं उडतं. डोळ्यांना दिसत नाही. वितळलेल्या शिशापेक्षा हे वाईट, कारण तिथे माणूस घाबरून असतो आणि इथे कुणीच घाबरत नाही. क्लबच्या भिंतीवर याचा फलक आहे. तो मी लावलाय. माझ्या हाताने, चार खिळे मारून.

तेव्हा ऐक, मी काय लपवलं ते. मी होशमध्ये चाळत नव्हतो. जूनमध्ये होशमध्ये ऊन असायचं, वारा भुसा उडवायचा. मी बैठकीच्या खोलीत चाळायचो, गालिच्यावर चादर अंथरून, पंखा लावून. तू दुपारी झोपलेली असायचीस. सहर झोपायची नाही. ती येऊन माझ्या मांडीला टेकून बसायची. मी तिला पुंगळ्या द्यायचो. ती त्यांची शाळा भरवायची, ओळीत उभ्या करायची, हजेरी घ्यायची. आणि मी तिला शिकवलं, जुबेदा, पुंगळीचं तोंड खालच्या ओठाला लावून फुंकली की शिट्टी वाजते. मला लहानपणी पेनाच्या टोपणाची यायची, तशी. दोन दिवस तिला जमलं नाही. तिसऱ्या दिवशी वाजली तेव्हा तिने टाळ्या पिटल्या आणि मी तिचा मुका घेतला. मग ती दिवसभर तेच करायची. साफ केलेली, न केलेली, हाताला येईल ती.

दवाखान्यात डॉक्टरने मला काम काय विचारलं ना, तेव्हाच मला कळलं होतं. नंतर नाही, हळूहळू नाही. त्या खुर्चीतच कळलं. माझ्या तोंडून ‘स्टोअरकीपर’ आलं आणि मग त्याने सुरम्याचं विचारलं आणि तू हो म्हणालीस, आणि मला एवढं हलकं वाटलं की मी घरी पोहोचायच्या आत, गाडीतूनच, खालाला फोन केला. पोरीसाठी नाही केला. माझ्यासाठी केला.

रूपेशने ओल्या कागदाने घरभर पुसून नमुने नेले. गालिचा, सोफा, पंख्याची पाती, सहरची उशी. सगळीकडे शिसं निघालं. माझंही रक्त तपासलं, सेहेचाळीस आहे. तुला मी निष्काळजी नाही म्हणून सांगत होतो. प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघणारा माणूस, आणि शेजारी बसलेल्या पोरीच्या तोंडाकडे एकदा बघितलं नाही.

सोबत एक वेगळा कागद आहे, दोन पानांचा. टंबलर, गालिचा, शिट्टी, स्टोअरकीपर, सगळं लिहिलंय. जमातीच्या सदरसाहेबांना दे आणि जुम्याच्या नमाजनंतर वाचायला सांग. त्याआधी एक प्रत बायकांमध्ये वाच, कुणाची छठी असेल तिथे. खालाने तिथे बसलं पाहिजे. ती नको म्हणेल. तिला धरून बसव. फहादला मी काल स्वतःच जाऊन सांगितलं, म्हणजे तुला कुणाची भीती राहायला नको. तो म्हणाला, ‘खलास, जमाल.’ आता काय ते वरचे ठरवतील. तुरुंग नसावा, विमान असेल.

आता व्हिसाचं. आज अबशेर उघडलं होतं. तिकिटंही काढून ठेवली होती, ती रद्द केली. येऊ नकोस. एवढे महिने ये ये म्हणून तुझ्यावर गुरगुरत होतो, त्या घरात तू पोरीला घेऊन एक रात्रही राहू नयेस असं ते घर आहे. मीसुद्धा. माझ्या कपड्यांत, केसांत, नखांत आहे. तीस जून उलटू दे. अट पुरी केली म्हणून तू यायला बांधलेली नाहीस. तू नाहीच येणार म्हणालीस, पुढे कधीही, तर तेही मी समजून घेईन. समजून घेईन हे खोटं आहे, पण अडवणार नाही.

अजून एक काम आहे आणि ते हे पत्र वाचून झाल्याबरोबर करायचंय.

सतरावर आकडा अडकला तो खालाच्या भांड्यांमुळे नाही. मे महिन्यात शारीकने मला एक फोटो पाठवला होता, सहर झोपलेली. मी तो फोनच्या पडद्यावर लावला आणि त्याबद्दल तुला एक अक्षर लिहिलं नाही, कारण मला त्याचा गर्व वाटत होता. तिने माझा राखाडी शर्ट कवटाळलाय. विमानतळावर ती सोडेना म्हणून मीच काढून दिलेला, त्याच्यावाचून झोपत नाही, धुवायलाही देत नाही, अब्बूचा वास जातो म्हणते, असं शारीक म्हणाला. फोटो मोठा करून बघितला. कॉलर तिच्या तोंडात आहे.

तो चाळायच्या वेळचा शर्ट आहे, जुबेदा. दीड महिना तोच अंगात होता.

धुवायला घेऊ नकोस, बाकीच्या कपड्यांत टाकू नकोस, झटकू तर मुळीच नकोस. हातात पिशवी घालून उचल, दुसऱ्या पिशवीत बांध आणि घरापासून लांब न्यायला शारीकला दे. तिची चादर आणि उशीही. मग तिचे हात आणि तोंड धू, थंड पाण्याने, साबणाने. महिन्याने पुन्हा रक्त तपास, आकडा खाली येईल.

ती फार रडेल. दोन-तीन रात्री झोपणार नाही. शोधेल, सगळ्यांना विचारेल. नानीने काढून घेतला असं तिला वाटता कामा नये, तेवढं सांभाळ. सांग, अब्बूने दिलेला, अब्बूनेच परत मागून घेतला.

जमाल